नव्या सार्वजनिक माध्यमिक शाळेसाठी जागा कशी निवडावी

शाळेच्या जागेचा शोध बहुधा ‘कोणती जमीन मोकळी आहे?’ या प्रश्नापासून सुरू होतो, आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच असते. आधी नकाशा मांडावा तो विद्यार्थ्यांचा. येत्या 10 ते 15 वर्षांत माध्यमिक वयाची मुले कोणत्या वस्त्यांत असतील, जवळच्या प्राथमिक शाळांची पटसंख्या वाढते आहे की घटते आहे आणि नवी घरे कुठे मंजूर झाली आहेत, हे त्यावर दाखवावे. जमीन त्यानंतर शोधावी.

अंतर मोजताना नकाशावर वर्तुळ काढून समाधान मानू नये. मध्ये नदी, रेल्वेमार्ग किंवा दुभाजकाचा महामार्ग आला की सरळ रेषेतले 800 मीटर चालताना सहज 2 किलोमीटर होतात. ताशी साडेचार किलोमीटरच्या चालीने दीड किलोमीटरला 20 मिनिटे लागतात. त्या टप्प्यात किती मुले राहतात आणि त्यांना पदपथ व सुरक्षित ओलांडणी मिळते का, हे प्रत्येक जागेसाठी स्वतंत्रपणे तपासावे. निवड समितीने शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, शक्यतो पावसातही, ही वाट स्वतः चालून पाहावी. शाश्वततेचा खरा हिशेब इथेच होतो, असे माझे मत आहे. छतावर सौरपटल आहेत, पण वस्तीपासून इतकी दूर की प्रत्येक मुलाला वाहनानेच यावे लागते, अशी शाळा पर्यावरणस्नेही म्हणवण्यात अर्थ नाही. सार्वजनिक वाहतुकीचा थांबा चालण्याच्या अंतरावर असलेली, वस्तीतली लहान जागा बाहेरच्या ऐसपैस जागेपेक्षा पुष्कळदा सरस ठरते. मैदानाची अडचण इमारतीचे मजले वाढवून किंवा शेजारचे सार्वजनिक क्रीडांगण वापरून काही अंशी सोडवता येते.

पूररेषेबाबत मात्र तडजोड करू नये. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनी फसगत होते. त्यांचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता एवढाच असून, 50 वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या आयुष्यात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के भरते. आपत्तीत शाळेचाच निवारा होतो, त्यामुळे तिथवर पोहोचणारा रस्ताही पाण्याखाली जाणारा नसावा.

फुकट किंवा नाममात्र दरात मिळणाऱ्या जमिनीकडे अधिकच संशयाने पाहावे. अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात, लव्ह कॅनॉल येथे, रासायनिक कचरा पुरलेली जमीन 1953 मध्ये अवघ्या 1 डॉलरला शिक्षण मंडळाकडे आली. तिथे शाळा बांधली गेली आणि 1978 मध्ये ती बंद करून आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. म्हणून जमिनीचा पूर्वीचा वापर जुने नकाशे, हवाई छायाचित्रे आणि शेजारच्या वयस्कर रहिवाशांकडून जाणून घ्यावा, आणि शंका आल्यास माती व भूजलाचे नमुने तपासावेत. भरावाची किंवा फुगणाऱ्या चिकणमातीची जमीन असल्यास पायाचा खर्च इतका वाढतो की स्वस्ताई कागदावरच राहते.

वाहतुकीचा धूर आणि आवाज यांचेही तसेच. कॅलिफोर्नियाने 2003 मध्ये कायदा करून वर्दळीच्या महामार्गापासून 500 फुटांच्या आत नवी शाळा उभारण्यावर निर्बंध आणले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवण्याच्या वेळी वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलपेक्षा अधिक नसावा. रहदारीच्या चौकात खिडक्या उघड्या ठेवून तो साधणे अवघड आहे.

पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडण्या, मालकी हक्काची निर्वेधता, भूखंडाचा आकार व उतार या बाबी नेहमीच्याच. त्यांची पडताळणी संबंधित अभियंता आणि वकील यांच्याकडून लेखी घ्यावी.

तुलनेसाठी गुण देताना एक चूक टाळावी. पूर, दूषित माती किंवा वादग्रस्त मालकी असलेली जागा आधीच बाद करावी, अन्यथा स्वस्त दराचे गुण तिचा धोका झाकतात. उरलेल्या दोन-तीन जागांची तुलना खरेदीच्या किमतीवर न करता जमीन, पाया, जोडरस्ता आणि 30 वर्षांची विद्यार्थी वाहतूक मिळून होणाऱ्या खर्चावर करावी आणि ती पालकांसमोर खुलेपणाने ठेवावी. करारात माती व मालकीची तपासणी समाधानकारक ठरण्याची अट घालावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या जागेच्या मालकाशी बोलणी चालू ठेवावीत.