स्वागतसमारंभातले जेवण : वधूवरांनी या चुका टाळाव्यात

स्वागतसमारंभात जेवताना वधूवरांच्या हातून ज्या चुका होतात, त्या बहुतेक वेळा संस्कारांच्या नसून भुकेच्या आणि वेळापत्रकाच्या असतात. सकाळपासून धड काही पोटात गेलेले नसते, अंगावर जड कपडे असतात, शुभेच्छा देणाऱ्यांची रांग संपत नाही, आणि अशा अवस्थेत ताट समोर आले की एरवी नीटनेटके जेवणारा माणूसही त्याच्यावर तुटून पडतो. तेव्हा तयारीला टेबलावर बसण्याच्या बऱ्याच आधी लागावे.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उपाशीपोटी उभे राहणे. कपडे घट्ट होतील, फोटोत पोट दिसेल, या धास्तीने अनेक जण अख्खा दिवस चहावर काढतात. मग चक्कर, चिडचिड आणि हातांची थरथर नेमकी सगळ्यांसमोर सुरू होते. मद्य घेणाऱ्यांसाठी तर ही चूक दुप्पट वाईट, कारण रिकाम्या पोटातून मद्य झपाट्याने लहान आतड्यात उतरते आणि तितक्याच झपाट्याने चढते. समारंभाचे कपडे चढवण्याच्या तासभर आधी साधे, कमी तेलकट खाऊन घ्यावे आणि पाणी प्यावे. एवढ्याने अर्धे प्रश्न सुटतात.

दुसरी चूक पाहुण्यांना ताटकळत ठेवण्याची. सर्वांनी बसून जेवण्याचा बेत असेल, तर वधूवरांनी पहिला घास घेतल्याशिवाय अनेक पाहुणे संकोचाने हात लावत नाहीत, आणि त्या वेळी दोघे बाहेर फोटो काढत असतील तर सगळ्यांचेच जेवण गार होते. वाढून झाले की लगेच बसावे आणि लगेच सुरुवात करावी.

याच्या उलट अडचण म्हणजे दोघांना जेवू न देणारे हितचिंतक. यावर माझ्या पाहण्यातला एकच खात्रीचा उपाय आहे : घरातल्या एखाद्या बोलक्या पण ठाम व्यक्तीला टेबलाजवळ उभे करावे आणि ‘दोघे आत्ताच बसले आहेत, 20 मिनिटांत तुम्हाला भेटायला येतील’ एवढेच हसून सांगायला लावावे. तरीही कोणी आलेच, तर तोंडात घास असताना आभार मानू नयेत. मान लववावी, घास गिळावा, काटा ताटात टेकवावा, ओठ टिपावेत आणि मगच बोलावे. काट्यासकट हात हलवत बोलणारा नवरदेव फोटोत फार विचित्र दिसतो. घास लहान असावा तो याचसाठी, कारण दोन-तीन वेळा चावून गिळता येईल एवढाच घास असला की कोणी कधीही समोर येवो, तारांबळ उडत नाही.

नॅपकिन कसा वापरावा हे फारसे कोणी सांगत नाही. तो अर्धा दुमडून, घडी आपल्याकडे येईल असा मांडीवर पसरावा आणि त्याच्या आतल्या बाजूने ओठ टिपावेत, म्हणजे डाग घडीच्या आत राहतात. ओठ पुसू मात्र नयेत. पुसल्याने लिपस्टिक गालापर्यंत पसरते. मधेच उठावे लागले तर नॅपकिन खुर्चीवर ठेवावा, जेवण संपल्यावर ताटाच्या डावीकडे.

काट्या-चमच्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. ते बाहेरून आत या क्रमाने वापरायचे असतात. ब्रेडची बशी डावीकडची आपली आणि ग्लास उजवीकडचा आपला. हाताने जेवायचे असेल तर हा प्रश्नच मिटतो, फक्त लोंबती बाही आणि बांगड्या आधीच मागे सारून घ्याव्यात.

व्हिडिओसाठी कॉलरला लावलेला माइक जेवायला बसताना बंद करायचा राहून जातो, आणि मग चावण्याचे आवाज व वाढप्याबद्दलची कुजबुज चित्रीकरणात कायमची राहते. माइक बंद झाल्याची खात्री स्वतः करावी, आणि जेवण संपेपर्यंत कॅमेरा खाली ठेवण्याची विनंती छायाचित्रकाराला आधीच करावी.

एकमेकांना घास भरवताना तो मोठा घेऊन गंमत करण्याचा मोह आवरावा. केकवर चेहरा दाबण्याची थट्टा तर पूर्णपणे टाळावी, कारण मजले असलेल्या केकच्या आत आधारासाठी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काड्या उभ्या रोवलेल्या असतात आणि त्या डोळ्याला लागू शकतात. कोणी भाषण करत असेल तेव्हा खाणे थांबवावे. औपचारिक पाश्चात्त्य पद्धतीत आपल्या नावाने पेला उंचावला गेला, तर आपण त्या वेळी प्यायचे नसते. बसून ऐकायचे आणि नंतर उठून आभार मानायचे.

कपड्यांवर काही सांडलेच, तर चोळू नये. कोरड्या कापडाने वरवरचे टिपून घ्यावे, तेलकट डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर 10-15 मिनिटे राहू द्यावे आणि हलकेच झटकावे. रेशमावर घाईने पाणी लावले तर डागाभोवती पाण्याचे वेगळेच कडे उमटते, म्हणून ते काम धुलाईवाल्यावर सोडावे.

इतके करूनही कधीकधी जेवण अर्धवटच राहते. बाजूला काढून ठेवलेले ताट टेबलावर झाकून ठेवणे ही शेवटची चूक. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला 2 तासांहून अधिक राहिले तर ते खाणे सुरक्षित नसते. ते गरम राखणाऱ्या डब्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवावे, आणि डबा नेमका कोणाकडे दिला आहे हे दोघांपैकी एकाला तरी माहीत असावे.