नगरसचिव कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

एका महानगरपालिकेच्या नगरसचिव कार्यालयात, म्हणजे सभांचं कामकाज आणि नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयात, लिपिक म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात मी टिपणीत 'महापौरांच्या आदेशानुसार' असं लिहिलं. अधीक्षकांनी 'आदेश' शब्द लाल शाईने खोडला आणि 1949चा महानगरपालिका अधिनियम पुढ्यात ठेवला. "कलम 4 वाच, आणि यात महापौर कुठे आहेत ते दाखव."

नव्हतेच. महानगरपालिका, स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, शिवाय पालिकेची परिवहन सेवा असेल तर तिची समिती नि व्यवस्थापक, एवढीच प्राधिकरणं. शहराच्या प्रथम नागरिकाचं नाव त्यात नाही. महापौर सभा चालवतात, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतात, पद अडीच वर्षांचं. कार्यकारी अधिकार मात्र आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. निवडून आलेल्या माणसाच्या हाती इतकं कमी असावं, हे मला आजही पटत नाही.

मग सत्ता आहे कुठे? नस्तीच्या, म्हणजे फाइलीच्या, मागे चालत जा, कळेल. रस्त्याच्या मोठ्या कामाची निविदा आयुक्तांच्या प्रस्तावासह 16 सदस्यांच्या स्थायी समितीपुढे येते. अंदाजपत्रकही आयुक्त आधी स्थायीलाच देतात, मग ते सर्वसाधारण सभेत जातं. स्थायीच्या सभापतिपदासाठी एवढी रस्सीखेच का होते, ते तेव्हा उमगतं.

सभागृहाकडेही एक हत्यार आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला, तर सरकारने आयुक्तांना परत बोलवावं असं कायदा सांगतो. पण कलम 451 खाली सरकार ठरावच निलंबित करू शकतं. नवी मुंबईत 2016 साली तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव झाला, तरी पुढे काही महिने ते आयुक्तपदी होतेच.

नगरपरिषदेतून बदलून आलात तर जुनी सवय इथे आणू नका. तिथला कायदा 1965चा, नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडलेले, आणि प्रशासन मुख्याधिकाऱ्यांकडे.

आपल्या टेबलावर सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे उपसूचना, मूळ प्रस्तावात सुचवलेली दुरुस्ती. ऐनवेळी आलेल्या दोन ओळी मूळ प्रस्तावाचा अर्थच पालटतात. सूचक, अनुमोदक आणि शब्द जसेच्या तसे इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या नोंदीत, उतरवा. सभा संपल्यावर कोणी "जरा नीट करून लिहा" म्हणालं तरी शब्द हलवू नका. पहिल्या महिन्यात मागच्या तीन सभांची इतिवृत्तं त्यांच्या नस्त्यांशेजारी ठेवून वाचा. कुठला ठराव अमलात आला आणि कुठला आयुक्त कार्यालयात पडून राहिला, याची एक वही करा. माझी अजून कपाटात आहे.