मोठा रेडिएटर बसवण्याआधी
२०१५ च्या शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट झेड०६ या स्पोर्ट्स कारमध्ये सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) लावलेले ६.२ लिटरचे, ६५० अश्वशक्तीचे इंजिन होते. ते रेसट्रॅकवर तापते अशा तक्रारी आल्यावर २०१७ च्या मॉडेलमध्ये बॉनेटवरचे झरोके मोठे करण्यात आले. खरी मेख इथेच आहे. आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर बाजारातून आणलेला जाडजूड रेडिएटर त्याच हवेला आणखी अडवतो आणि खर्च पाण्यात जातो. कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅटही (इंजिनचे पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) फारसे काही साधत नाही, कारण तो लवकर उघडला तरी पूर्ण उघडल्यानंतर उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता तेवढीच राहते. जादा ताकदीचा पंखा सिग्नलवर उपयोगी पडतो. भरधाव वेगात त्याचा प्रभाव जवळजवळ उरत नाही.

म्हणून आधी टॉर्च घेऊन एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत डोकवावे. तिथे वाळलेली पाने, किडे आणि धूळ यांचा थर साचलेला असतो, आणि कडेची फोमची पट्टी निघालेली असेल तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. रेसट्रॅकवर वेगवान फेऱ्यांनंतर इंजिन निवायला एक फेरी संथ चालवावी. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.