आठ दिवसांत तीन सामने : पोरं आजारी न पाडता संघ कसा उभा ठेवायचा

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की उसंत नसते. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग संपते न संपते तोच नॉकआउट स्पर्धा रांगेत उभ्या. त्यात एकच पोरगा तालमीकडून (म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या संघाकडून) खेळतो, कॉलेजकडून खेळतो आणि कुणाला न सांगता गावाकडची एखादी सेव्हन-अ-साइडही (सात-सात जणांची मॅच) मारून येतो. मार्च उजाडतो तेव्हा निम्मा संघ नाक ओढत असतो आणि कट्ट्यावरचे जाणकार निकाल देतात, "स्टॅमिना संपलाय पोरांचा. पळवा रंकाळ्याला."

मी पळवलं. सलग दोन हंगाम. ऐन उपांत्य फेरीत पाच जण अंथरुणाला खिळले तेव्हा कळलं, की पोरं कमी पळत नव्हती, भरून यायलाच त्यांना वेळ मिळत नव्हता. वॉर्म-अप, स्ट्रेचिंग वगैरे तुम्ही करून घेत असणारच, त्यात मी जात नाही.

आधी एक वही करा. सामना किंवा सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा, ० ते १० मध्ये किती जड गेलं? तो आकडा आणि मिनिटं यांचा गुणाकार मांडा. वॉर्म-अपसकट १०० मिनिटं आणि उत्तर ८, म्हणजे ८००. आठवड्याची बेरीज रविवारी. कॉलेजचा सामनाही त्यातच धरायचा. गुपचूप खेळलेलाही, म्हणून तो सांगितल्याबद्दल ओरडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगत नाही. आठवड्यात सामना वाढला की तेवढा सराव कापायचा. यात घासाघीस नाही.

वजन सामन्याआधी आणि नंतर करा. किलोभर उतरलं असेल तर रात्रीपर्यंत दीड लिटर पाणी, थोडं मीठ-साखर घालून.

बाटल्या प्रत्येकाच्या वेगळ्या, नाव लिहून. आमच्याकडे पाण्याचा एकच जग अठरा तोंडांना लागायचा आणि वर आम्ही म्हणायचो, यंदा साथ फार आहे.

खाणं पहिल्या तासात. सामन्यात स्नायूंमधला साखरेचा साठा बराचसा रिकामा होतो, तो भरायला दोन ते तीन दिवस लागतात आणि आपला पुढचा सामना तर तिसऱ्या दिवशी असतो. साठ किलोच्या पोराला पहिल्या तासात दोन मोठी केळी आणि साखर घातलेलं ग्लासभर दूध पुरतं; गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून प्यायला तर उत्तमच. रात्री भात नीट खाऊ द्या. जिंकल्यावर अकरा वाजता सुरू होणारं मटण मात्र मला मान्य नाही. रश्श्याशी माझं वैर नाही, पण त्यात झोप जाते. २०१५ साली एक प्रयोग छापून आला होता : लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले आणि कोण आजारी पडतं ते पाहिलं. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. त्यामुळे च्यवनप्राश आणि 'इम्युनिटी'च्या पाकिटांबद्दल मला कुणी विचारलं तर मी विचारतो, पोरगा झोपला किती?

आता खरी अवघड गोष्ट. सामन्याच्या दिवशी सकाळी कुणाला बसवायचं?

इथे तुमचा डोळा दगा देतो. २०१० साली चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या एका संघाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. आठवड्यात दोन सामने खेळले तरी खेळाडूंचं पळणं कमी झालं नव्हतं. दुखापती मात्र दर हजार तासांमागे ४.१ वरून २५.६ वर गेल्या. म्हणजे बाहेरून "पळतोय की चांगला" दिसतं आणि आत मोडतोड चालू असते. प्रतिकारशक्तीचंही तसंच. लाळेत एक प्रतिद्रव्य असतं, नाका-घशाच्या दारावरचा राखणदारच म्हणा. सामन्यांची गर्दी झाली की त्याचं प्रमाण घसरतं. हे मैदानाबाहेर उभं राहून कुणाला दिसणार?

दुसरा दगा पोराचा. "कसा आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय न्हाई सर, एकदम ओके." म्हणून तो प्रश्नच विचारू नका. झोपलास कधी? सकाळी काय खाल्लंस? जिना उतरताना मांड्या धरल्या का? आणि हमखास, गोळी घेतलीस का? उत्तर गुळमुळीत आलं तर मी सरळ त्याच्या आईला फोन लावतो. आई खोटं बोलत नाही.

नाडी उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजायची. हंगामाच्या सुरुवातीला आठवडाभर मोजून प्रत्येकाची सरासरी काढून ठेवा. तिच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त आणि तेही सलग दोन दिवस, तर माझ्याकडे तो पोरगा बसतो, मग तो कप्तान का असेना.

लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे नाक गळतंय, शिंका येतात, तर दहा मिनिटं हलकं पळवून बघा. बरं वाटलं तर थोडा वेळ खेळवता येईल, डोकं जड झालं तर घरी. मानेखाली काहीही असलं, ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब, तर चर्चा बंद.

हे मी इतकं ताणून सांगतोय, कारण एकदा मीच चुकलो. आमच्या स्ट्रायकरला रात्री ताप होता. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन आला, कपाळ गार. मला शंका आली होती, पण समोर पारंपरिक प्रतिस्पर्धी, मैदानाबाहेर तालमीची वडीलधारी मंडळी. मी खेळवला. मध्यंतरात तो भिंतीला टेकून बसला, बुटाची नाडी सुटलेली, ती बांधायला हात पुढे येत नव्हता. पुढे तीन आठवडे तो बाहेर. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि मला बाजूला घेऊन सुनावलं : विषाणूच्या तापात जोरात खेळलं तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, माणूस मैदानातच जाऊ शकतो. याचं नशीब थोर. गोळीने ताप झाकला जातो, जात नाही.

तेव्हापासून परतीचा माझा नियम असा : गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप नको, त्यानंतर जितके दिवस ताप होता तितके दिवस फक्त हलका सराव. छातीत दुखलं, धडधडलं किंवा थोड्या पळण्यात दम लागला, तर आधी डॉक्टर.

आणि बसवलेल्या आजारी पोराला बाकावर घेऊ नका. ड्रेसिंग रूममध्ये खोकून तो आणखी तिघांना पाडतो. घरी पाठवा. तो गॅलरीत येऊन बसणारच आहे, हे मला माहीत आहे. बसू दे, पण लांब.