एकदा उतरवलेली लिनक्स पॅकेजेस सगळ्या यंत्रांवर वापरताना या चुका टाळा

एका राउटरवर उबुंटू किंवा डेबियनची पाच यंत्रं असली, तर तीच अपडेट पाचदा उतरवायची गरज नाही. मात्र त्यासाठी अ‍ॅप्टचं (पॅकेजेस उतरवून बसवणाऱ्या साधनाचं) आर्काइव्ह्ज फोल्डर, म्हणजे उतरवलेल्या फाइलींची जागा, एनएफएसवरून (नेटवर्कवर फोल्डर वाटून देण्याची सोय) सगळ्यांना जोडून देऊ नका. एक यंत्र डाउनलोड करत असताना फोल्डरला कुलूप लागतं आणि दुसरं यंत्र अडून बसतं. रूटलाही (यंत्राच्या मुख्य वापरकर्त्यालाही) एनएफएसवर सहसा लिहिता येत नाही. आणि कोणी एकाने ‘अ‍ॅप्ट क्लीन’ चालवलं, की सगळ्यांचाच साठा साफ!

उतरवलेल्या फाइली पेनड्राइव्हवरून नेणाऱ्यांची अडचण वेगळी. फोल्डर उघडावं तर ते रिकामंच. २०१६ पासून ‘अ‍ॅप्ट’ ही आज्ञा इन्स्टॉल झाल्यावर डेब फाइल (पॅकेजची फाइल) पुसून टाकते. जुनी ‘अ‍ॅप्ट-गेट’ मात्र ठेवते. फाइल मिळाली तरी उबुंटू २२.०४ ची फाइल २४.०४ वर बसवायला जाऊ नका, अवलंबनं (त्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस) जुळत नाहीत.

यापेक्षा एका कायम चालू यंत्रावर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवा. हा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर: एकदा उतरवलेलं पॅकेज साठवून बाकीच्यांना देतो. त्याचा पोर्ट ३१४२. फायरवॉलमध्ये तो उघडा आणि राउटरवर त्या यंत्राचा आयपी पक्का करून ठेवा. पत्ता बदलला की सगळ्यांचीच अपडेट थांबते. बाकीच्या यंत्रांवर प्रॉक्सीची ओळ अ‍ॅप्टच्याच कॉन्फिगरेशनमध्ये टाका. ती सिस्टिमभर लागू केलीत तर इतर प्रोग्रॅमही या कॅशरकडे धावतील.

सर्वांत जास्त गोंधळ एचटीटीपीएसचा. बाहेरच्या एखाद्या रेपॉझिटरीचा (पॅकेजेस ठेवलेल्या सर्व्हरचा) पत्ता एचटीटीपीएस असला, की ‘४०३ कनेक्ट डिनाइड’ येतं. कारण एचटीटीपीएससाठी वेगळी प्रॉक्सी दिली नसेल तर अ‍ॅप्ट एचटीटीपीचीच वापरतं, आणि कॅशर असे बंद बोगदे (आतलं न दिसणारी कूटबद्ध जोडणी) मुळातच नाकारतो. एचटीटीपीएसची प्रॉक्सी ‘डायरेक्ट’ केली की काम भागतं, पण ती पॅकेजेस साठत नाहीत. कॅशरमधला पास-थ्रू (बोगदे जाऊ देण्याचा) पर्याय उघडला तरी तेच, कारण बोगद्यातली फाइल त्याला दिसतच नाही. साठवायचीच असतील तर सोर्सेसमध्ये (रेपॉझिटरींच्या यादीत) पत्ता साध्या एचटीटीपीने सुरू करा, पुढे मोठ्या लिपीत एचटीटीपीएस, मग तीन तिरप्या रेघा आणि त्यापुढे मूळ सर्व्हरचं नाव लिहा. मग एचटीटीपीएसचं बोलणं कॅशरच करतो. पॅकेजांची सही तुमचं यंत्र एरवीसारखीच तपासतं, त्यामुळे ती काळजी नको.

लॅपटॉपवर कॅशरचा पक्का पत्ता लिहिलात तर घराबाहेर अपडेट अडते. तिथे प्रॉक्सी-ऑटो-डिटेक्टची छोटी स्क्रिप्ट लावा: कॅशर सापडला तर त्याचा पत्ता, नाहीतर ‘डायरेक्ट’.

‘हॅश सम मिसमॅच’ (उतरलेली फाइल यादीतल्या नोंदीशी जुळत नाही) आलं तर आधी त्या यंत्रावरच्या अ‍ॅप्टच्या लिस्ट्स पुसून पुन्हा अपडेट करा. तरीही तेच आलं तर ब्राउझरमध्ये कॅशरचं रिपोर्ट पान उघडून तिथून साठ्याची तपासणी चालवा. वैतागून अख्खी कॅश उडवू नका. सगळं पुन्हा उतरवावं लागेल.

आणि २२.०४ वरचा फायरफॉक्स कॅशमध्ये शोधू नका. तो स्नॅप (उबुंटूचा वेगळा पॅकेज प्रकार) आहे, अ‍ॅप्टच्या वाटेने येतच नाही. ‘स्नॅप डाउनलोड’ने दोन फाइली मिळतात, दोन्ही न्या, दुसऱ्या यंत्रावर आधी असर्ट फाइलला (स्नॅपची सही असलेल्या) ‘स्नॅप अ‍ॅक’, मग इन्स्टॉल.