कार बाजारातून जुनी गाडी घेताना या चुका टाळा

सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्याकडे कार बाजारात गर्दी वाढते. ‘डॉक्टरची गाडी आहे, गावाबाहेर गेलीच नाही’ हे वाक्य जालना ते नांदेड इतक्यांदा ऐकलंय, की मराठवाड्यात एवढे डॉक्टर आहेत तरी कुठे, असा प्रश्न पडतो.

माझी पहिली चूक म्हणजे दुकानदाराला फोन करून, वेळ ठरवून गेलो. त्यानं गाडी आधीच सुरू करून ठेवलेली. गरम इंजिन पटकन स्टार्ट होतं, पहिला धूरही दिसत नाही. म्हणून आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सरळ ‘उद्या सकाळी येतो’ म्हणा. थंड इंजिन सुरू केल्यावर निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना, तर इंजिनच्या आत पाणी शिरत असण्याची शक्यता मोठी.

दुसरी चूक महागात पडली. फेब्रुवारीत घेतलेली डिझेल गाडी मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात तापली. दुकानदार म्हणाला, ‘एसी लावून घाट चढता का राव?’ पुढं एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्यानं वॉटर पंप. गाडी तापायची ती तापतच राहिली. तिसऱ्यानं रेडिएटर उतरवला, तर नळ्या क्षारांनी बुजलेल्या. आधीच्या मालकानं कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणारं द्रव) वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी चहाच्या पातेल्याला काय करतं ते आठवा. तोवर हेड गॅस्केटही (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं होतं.

तेव्हा गाडी थंड असताना (गरम असताना कधीच नाही, वाफ अंगावर येते) रेडिएटरचं झाकण उघडून तोंडाशी बोट फिरवा. पांढरट खरबरीत थर किंवा तांबूस गाळ लागला तर नवं हिरवं कूलंट बघून फसू नका. एसी फुल ठेवून तीस-चाळीस किलोमीटर चालवा. चौकातली चक्कर म्हणजे ट्रायल नव्हे. आणि गॅरेजवाल्याला ‘बदलून बघू’ करू देऊ नका: आधी दोष दाखव, मग पार्ट बदल, जुना पार्ट माझ्या हातात दे.

सप्टेंबर २०२५च्या पुरात धाराशिव-बीडकडे किती गावांत पाणी शिरलं ते आपण पाहिलंय. गाडी पुरात बुडालेली नाही ना, हे ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या पट्ट्यावर चिखलाचा डाग असेल तर गाडी सोडून द्या.

कागदांचं मात्र नवल वाटतं. वावर घेताना सातबारा, फेरफार चार जणांना दाखवणारा माणूस गाडी घेताना आरसीवरचा बोजा बघत नाही. फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा अर्ज) नसेल तर व्यवहार पुढं नेऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) सह्या घेऊन ‘नाव नंतर करू’ म्हणणारे पुष्कळ. अपघात झाला तर जबाबदार कोण? आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळं गाडी विकणाऱ्यालाही हे सांगा, तो स्वतःच घाई करेल. विमा नावावर करायला गाडी हस्तांतरित झाल्यापासून चौदा दिवस असतात.

आता मी इसाराच्या पावतीवरच लिहून घेतो, की शेवटचे वीस हजार आरसीवर नाव आल्यावर. दुकानदार कुरकुरतो, ‘विश्वास नाही का भाऊ?’ म्हणतो, पण सही करतो.