लेकीच्या कार्डावर आपलं भागत नाही : परदेशवारीचा आरोग्य विमा कसा काढावा

"अगं, लेकीकडे जर्मनीत विम्याचं कार्ड आहे ना, त्यावर आमचं भागेल की!" कोथरूडला आमच्या जिन्यात शेजारच्या काकू मला सांगत होत्या. व्हिसाच्या अपॉइंटमेंटला तेव्हा चार दिवस उरले होते.

भागत नाही. युरोपात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांना तिथल्या सरकारी विमा योजनेतून जे कार्ड मिळतं, ते ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरतंच चालतं. जर्मनीत नवराबायको आणि मुलं एका विम्यात येऊ शकतात, पुण्याहून गेलेले आईवडील नाही. जर्मन कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेलं असतं. त्याच्या जोरावर लेक फ्रान्सला फिरायला गेली तर तिथल्या सरकारी व्यवस्थेत तिला उपचार मिळतात. पण आपल्या भारतीय पासपोर्टवाल्या मुलांना ते कार्ड डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही. सुट्टीत आल्प्स बघायला निघालेल्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे. तिकडे जाताना त्यांनीही वेगळा विमा काढावा.

आपल्यासाठी मार्ग एकच, निघण्याआधी इथूनच प्रवास विमा काढायचा. घरचा मेडिक्लेम कितीही जुना असला तरी साधारणपणे भारताबाहेर तो चालत नाही.

आधी कुठे जायचंय ते बघा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, विमा सक्तीचा आहे. तो किमान 30,000 युरोंचा, म्हणजे साधारण 30 लाख रुपयांचा हवा, सगळ्या म्हणजे 29 शेंगेन देशांत चालणारा हवा, आणि तातडीच्या उपचारांबरोबर रुग्णाला (वेळ आलीच तर पार्थिवालाही) मायदेशी आणण्याचा खर्च त्यात हवा. कॅनडाच्या सुपर व्हिसाला, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी असलेल्या व्हिसाला, वर्षभराचा एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा मागतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची अट नाही, पण तिथल्या हॉस्पिटलची बिलं पाहता विम्याशिवाय जाण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

पॉलिसी कंपनीच्या वेबसाइटवर अर्ध्या तासात निघते, एजंटकडूनही निघते. पासपोर्ट समोर ठेवा आणि नाव त्यावर आहे तस्संच भरा. वय वाढलं की प्रीमियम वाढतो, आणि सत्तरीपुढच्यांना काही कंपन्या तपासण्या करून घ्यायला सांगतात. म्हणून आजीआजोबांची पॉलिसी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

तारखांपाशी मात्र थांबा. आपण पुणेकर संध्याकाळी टॅक्सीने मुंबईला निघतो आणि विमान सुटतं मध्यरात्रीनंतर. माझ्या पहिल्या वारीत मी एजंटला ऐटीत सांगितलं, "14 ला निघतोय, 28 ला रात्री परत." परतीचं विमान होतं 28 च्या रात्री पाऊण वाजता, म्हणजे 29 तारखेला. पॉलिसी संपत होती 28 ला. व्हिसाचा अर्ज घेणाऱ्या मुलीने तिकिटावरच्या तारखेवर पेन टेकवून पॉलिसी परत केली, आणि मी दुरुस्त प्रत मिळवण्यासाठी भर उन्हात झेरॉक्सवाल्याकडे. तारीख तिकिटावरून उतरवा, आणि पुढेमागे एकदोन दिवस जास्तीचे घ्या.

दुसरी जागा म्हणजे जुने आजार. बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी, जे असेल ते अर्जात लिहा. "कशाला सांगायचं, प्रीमियम वाढेल" असं म्हणणारे घरोघरी असतात. पण लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर आला, की कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं. सांगितल्यावरही बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जिवावर बेतल्यासच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात. ते कलम आणि डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून जाणारी सुरुवातीची रक्कम, या दोन गोष्टी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

विम्याचं कार्ड बहुतेक वेळा ईमेलवरच येतं. त्याची छापील प्रत पासपोर्टसोबत, फोटो मोबाइलमध्ये, एक प्रत इथे घरी. त्यावर मदतीचा फोन नंबर असतो. तो 1800 ने सुरू होणारा असेल तर परदेशातून बहुधा लागत नाही, त्यामुळे परदेशातून लागणारा नंबर आधीच विचारून घ्या. औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून मूळ नावांनी लिहून आणा. गोळीचं इथलं ब्रँडनाव तिकडच्या केमिस्टला कळणार नाही, 'मेटफॉर्मिन' कळेल.

तिकडे आजारी पडलात आणि प्रकरण गंभीर असेल, तर युरोपीय संघात कुठेही 112 लावा, विम्याचं नंतर बघा. ॲडमिट व्हावं लागलं तर जमेल तितक्या लवकर, घरच्या कुणाकडून तरी, मदतीच्या नंबरवर कळवा. कॅशलेसची व्यवस्था तिथूनच होते. साध्या ताप-खोकल्याला बहुधा आधी आपणच पैसे भरायचे आणि परतल्यावर क्लेम करायचा. त्यासाठी बिल, पैसे भरल्याची पावती, डॉक्टरांचे कागद आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. शेंगेनच्या हद्दीवर 2025 च्या ऑक्टोबरपासून शिक्क्यांच्या जागी डिजिटल नोंद येऊ लागली आहे, त्यामुळे केव्हा गेलात, केव्हा आलात हे दाखवायला बोर्डिंग पास उपयोगी पडतो.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्यांचं कार्यालय आपल्याकडेच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जा, आणि कंपनीला केलेल्या तक्रारीची प्रत अर्जाला जोडायला विसरू नका.